ठेच्यातला लसूण, पोटातला जंतू

बाजारहत्नूरच्या नावातच बाजार आहे. आदिलाबाद जिल्ह्यातलं हे मंडलाचं गाव. सरकारी पाट्या तेलुगूत, पण भाजीवाल्याशी घासाघीस मराठीतही होते, गोंडीतही आणि लमाणीतही. यात नवल काही नाही. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. सीमा सरकली, सोयरिकी आणि भाकरी होत्या तिथेच राहिल्या. कडेम नदी याच भागात उगम पावते आणि पुढे कुंतालाच्या कड्यावरून खाली झेपावत गोदावरीला जाऊन मिळते.

या भागातल्या बाजारातून घराकडे निघालेली एक पिशवी डोळ्यांसमोर आणू. तळाशी ज्वारी. वर लसणाचे दोन-चार गड्डे, हिरव्या मिरच्या, हळदीची पुडी, अंबाडीची जुडी, मुळा, हंगाम असेल तर पेरू, चहापत्ती, कागदात गुंडाळलेली थोडी सुकट. आणि पिशवी धरणाऱ्याच्या खिशात खर्र्याची पन्नी. शेतात सोयाबीन उभं असतं, पण ते या पिशवीत नसतं. ते थेट तेलगिरणीला जातं. सोयाबीनमधल्या आयसोफ्लेवोनचं कौतुक जगभर चालतं. ज्याच्या रानात ते पिकतं त्याच्या ताटात मात्र ते क्वचितच पडतं.

या पिशवीत वनस्पतींची शेकडो रसायनं आहेत. त्यातल्या कशाकशाने पोटाचा कर्करोग टळतो, असं कुणी विचारलं तर हळद, लसूण, आवळा, शेवगा अशी यादी धडाधड सांगणारे दहा जण भेटतील. मोबाईलवर तर रोज एक नवी यादी येते. माझं उत्तर तेवढं झटपट नाही. त्यासाठी आधी पोटात डोकवावं लागेल, कारण रोग कसा होतो ते कळल्याशिवाय तो कशाने टळतो हे सांगण्यात अर्थ नाही.

जठरातलं आम्ल इतकं तीव्र की तिथे जंतू जगणारच नाही, असं डॉक्टर अनेक दशकं मानत होते. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांनी जठराच्या अस्तरातून एक नागमोडी जंतू वाढवून दाखवला. कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलने त्या जंतूंचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत त्याला उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यात जठराची सूज दिसली. या जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो युरियापासून अमोनिया बनवतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल मारतो; भर उन्हात स्वतःपुरती सावली करून घ्यावी तसं. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या निश्चित कारणांच्या पहिल्या गटात टाकलं. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

हा जंतू बहुतेकदा लहानपणीच घरातल्या घरात लागतो आणि उपचार केला नाही तर जन्मभर राहतो. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात तो असावा. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. काहींच्या बाबतीत मात्र एक संथ उतरण सुरू होते, आणि तिच्या पायऱ्या पेलायो कोरेया या कोलंबियन शास्त्रज्ञाने १९७५ पासून मांडत नेल्या. आधी अस्तराला सूज येते. मग आम्ल बनवणाऱ्या ग्रंथी झिजतात, जठराचं अस्तर आतड्यासारखं दिसू लागतं, पेशींची ठेवण बिघडते आणि शेवटी गाठ होते. हे सगळं व्हायला वीस-तीस वर्षं लागतात. वनस्पतींच्या रसायनांना काही करायला वाव आहे तो याच मधल्या वर्षांत.

उतरणीवरची एक पायरी अंबाडी आणि पेरूच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ग्रंथी झिजल्या की आम्ल कमी होतं. आम्ल कमी झालं की एरवी टिकले नसते असे इतर जंतूही जठरात बस्तान मांडतात आणि अन्नपाण्यातल्या नायट्रेटपासून नायट्राइट तयार करतात. त्या नायट्राइटची प्रथिनांच्या तुकड्यांशी गाठ पडली की नायट्रोसो संयुगं बनतात, आणि ती पेशींच्या गुणसूत्रांना इजा करतात. ही प्रक्रिया क जीवनसत्त्व अडवतं. नायट्राइट प्रथिनापर्यंत पोचण्याआधीच ते त्याला गाठून निकामी करतं. निरोगी जठर तर रक्तातलं क जीवनसत्त्व ओढून स्वतःच्या रसात सोडत असतं. म्हणजे हा पहारा आपण बसवलेला नाही, शरीराचाच आहे. हेलिकोबॅक्टर शिरला की जठररसातलं क जीवनसत्त्व घटतं. ज्या घरात चोर शिरला त्याच घरातला पहारेकरी हटतो.

म्हणून पिशवीतल्या पेरूला मान द्यायला हवा. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं आणि तो कच्चाच खाल्ला जातो. आवळा त्याच्याही वरचढ. अंबाडीच्या पाल्यातही ते असतं, पण आपण ती भाजी शिजवून, घोटून, वरून लसणाची फोडणी देऊन खातो. उष्णतेत त्यातलं बरंच जातं. भाजी तरीही चांगलीच. तिच्याकडून क जीवनसत्त्वाची अपेक्षा तेवढी कमी ठेवावी.

आता लसूण. यावर जरा थांबू या, कारण पोटाच्या कर्करोगाबाबत लसणाइतकी कसून परीक्षा फार थोड्या वनस्पतींची झाली आहे.

अखंड पाकळीला फारसा वास येत नाही, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. पाकळीत अ‍ॅलिइन हे संयुग एका कप्प्यात असतं आणि अ‍ॅलिनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात. खलबत्त्यात पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोघांची भेट होते आणि अ‍ॅलिसिन जन्माला येतं. ते १९४४ मध्ये पहिल्यांदा वेगळं काढण्यात आलं. लसणाचा तिखट वास आणि जंतू मारण्याची ताकद त्याचीच. उष्णतेने ते विकर मरतं. म्हणून अख्खी पाकळी थेट तापल्या तेलात टाकली तर अ‍ॅलिसिन जवळजवळ बनतच नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लसूण ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवला आणि मग गरम केला, तेव्हा त्याचे कर्करोगविरोधी गुण काही अंशी टिकले. लगेच गरम केलेल्या लसणात ते उरले नाहीत. हा प्रयोग उंदरांवरचा होता, हे सांगायलाच हवं. पण पाट्यावर वाटलेला कच्चा ठेचा या कसोटीला आपोआप उतरतो, याची मला गंमत वाटते.

चीनच्या शानडोंग प्रांतात त्सांगशान नावाचा परगणा होता. तिथे माणूस दिवसाला सरासरी वीस ग्रॅमच्या आसपास लसूण खातो आणि पोटाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू शेजारच्या काही भागांपेक्षा कितीतरी पटींनी कमी, असं १९८०च्या दशकात दिसलं. त्याच प्रांतातल्या लिंछू परगण्यात मात्र हा रोग मुक्कामाला होता. मग संशोधकांनी लिंछूतच कसोटी लावायचं ठरवलं. १९९५ साली ३५ ते ६४ वयाची ३,३६५ माणसं निवडली. ज्यांच्या पोटात हेलिकोबॅक्टर होता त्यांच्यातल्या काहींना फक्त दोन आठवडे प्रतिजैविकाचा उपचार दिला. काहींना सात वर्षांहून अधिक काळ क, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमच्या गोळ्या दिल्या. काहींना तेवढाच काळ लसणाचा अर्क आणि तेल. प्रत्येक उपचाराच्या तोलाला दिसायला अगदी तशाच, पण निष्क्रिय गोळ्या घेणारे लोकही होते.

सात वर्षांनी दुर्बीण टाकून पाहिलं. लसणाने अस्तरातल्या बिघाडात काही फरक पडलेला नव्हता, जीवनसत्त्वांनीही नाही. दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकाने मात्र पडला होता. एखाद्या मासिकाने तिथेच ‘लसूण नापास’ असा मथळा दिला असता. संशोधकांनी त्या माणसांची पाठ सोडली नाही. तब्बल २२ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. जंतूवरच्या उपचाराने नवे कर्करोग साधारण निम्म्यावर आले होते. जीवनसत्त्वांनी ते सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. लसूण घेणाऱ्यांत पोटाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी भरले. नवे रुग्णही थोडे कमी होते, पण तो फरक योगायोगाचा नाही असं छातीठोक सांगण्याइतका मोठा नव्हता.

हे आकडे मी मुद्दाम सविस्तर दिले. चौदा दिवसांची गोळी एका बाजूला आणि सात वर्षांचा लसूण दुसऱ्या बाजूला. चौदा दिवस जिंकले. पुढे लिंछूतल्या ९८० गावांत १,८०,२८४ लोकांवर याच उपचाराची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. सबंध गावांच्या पातळीवर फायदा उतरला, पण तिथे कर्करोग १४ टक्क्यांनीच घटला. औषधाचा लाभही दरवेळी डोळे दिपवणारा नसतो.

जीवनसत्त्वांच्या गोळीने लिंछूत काम केलं म्हणून ती सगळीकडे करेल का? १९८६ ते १९९१ या काळात चीनच्याच लिनशियान परगण्यात २९,५८४ माणसांवर बीटा-कॅरोटिन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमची चाचणी झाली आणि पोटाच्या कर्करोगाचे मृत्यू २१ टक्क्यांनी घटले. गाजरातला तो केशरी रंग, बीटा-कॅरोटिन, तेव्हा जगभर देव्हाऱ्यात बसलेला होता. पण फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या होत्या, तिथे १९९४ मध्ये उलटंच निघालं: फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. लिनशियानमधल्या लोकांच्या अन्नात मुळातच उणीव होती. गोळीने ती भरून निघाली. भरल्या पोटाच्या फिनिश माणसाला तीच गोळी नडली. रोज हिरवी भाजी आणि एखादं फळ खाणाऱ्याने महागड्या डब्या आणून मिळवण्यासारखं काही मला तरी यात दिसत नाही.

मुळ्याकडे वळू. मुळा, मोहरी, कोबी या कुळात चावल्यावर झणझणणारी आयसोथायोसायनेट्स तयार होतात. त्यांच्यातलं सर्वांत प्रसिद्ध ब्रोकोलीतलं सल्फोराफेन. जपानमध्ये हेलिकोबॅक्टर असलेल्या लोकांना रोज ७० ग्रॅम ब्रोकोलीचे कोंब आठ आठवडे खायला दिले. जंतूंची संख्या घटल्याच्या खुणा दिसल्या. खाणं थांबवल्यावर दोन महिन्यांत आकडे पूर्वपदावर आले. जंतू दबला होता, मेला नव्हता.

हळदीबद्दल लिहिताना हात थोडा आखडतो, कारण ती आपल्या देवघरातली आणि हळदीकुंकवातलीही. शिवाय नांदेड-हिंगोली एकीकडे आणि निजामाबाद दुसरीकडे, असा हा सगळा पट्टाच हळदीचा. राष्ट्रीय हळद मंडळाचं मुख्यालयही निजामाबादला आहे. हळदीतलं पिवळं कर्क्युमिन १८१५ मध्ये वेगळं काढलं गेलं. काचेच्या नळीत ते कर्करोगाच्या पेशींनाही मारतं आणि हेलिकोबॅक्टरलाही. पण नळीत पेशी मारणारी गोष्ट पोटात तेच करेल असं नसतं. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन असतं तीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दिवसभराच्या भाजी-वरणात जेमतेम शंभर मिलिग्रॅम, आणि त्यातलंही रक्तात फार थोडं शिरतं. मिऱ्यातल्या पायपरिनमुळे ते वीसपट शिरतं, असं बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, पण मुळातच नगण्य असलेल्या गोष्टीची ती वीसपट होती. जठराच्या अस्तराला हळद थेट भिडते, रक्तातून जायची तिला गरज नाही, हा युक्तिवाद मला पटण्यासारखा वाटतो. म्हणून तर इटलीतल्या एका छोट्या चाचणीकडे मी उत्सुकतेने पाहिलं. २००७ मध्ये आलेल्या त्या अहवालात २५ जणांना कर्क्युमिन आणि जोडीला इतर काही, पण प्रतिजैविक न देता, आठवडाभर दिलं. जंतू फक्त तिघांच्या पोटातून गेला. तक्रारी मात्र बऱ्याच जणांच्या कमी झाल्या.

मला धास्ती वाटते ती याच शेवटच्या वाक्याची. जळजळ थांबते, जंतू तिथेच राहतो, आणि माणूस म्हणतो, काढ्याने गुण आला.

भारतात हेलिकोबॅक्टर इतका पसरलेला, तरी पोटाचा कर्करोग चीन-जपानच्या मानाने कमी. देशात वर्षाला साठ हजारांच्या आसपास नवे रुग्ण. शास्त्रज्ञ याला भारतीय कोडं म्हणतात. आपल्या मसाल्यांचा हा प्रताप, असं उत्तर ऐकायला गोड लागतं. पण जंतूचे वाण वेगळे असतात, लोकसंख्या तरुण आहे, आणि भारत म्हणजे एकच ताट नव्हे. मिझोराममध्ये या रोगाचं प्रमाण देशात सर्वाधिक आहे. तिथल्या अभ्यासांनी बोट ठेवलं ते धुरावलेल्या, खारवलेल्या मांस-मासळीवर, आंबवलेल्या डुकराच्या चरबीवर आणि तुईबुर नावाच्या तंबाखूच्या धुराच्या पाण्यावर.

आणि इथे पिशवीतली सुकट आठवते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ ते १९९२ या काळातल्या पोटाच्या कर्करोगाच्या १७० रुग्णांची तुलना इतर २,१८४ जणांशी केली गेली. आठवड्यातून एकदा तरी सुकी मासळी खाणाऱ्यांत धोका सुमारे बारापट निघाला. चहा पिणाऱ्यांत तो निम्म्याहून कमी. दुसरं वाक्य वाचून आपल्याकडे कुणीही कपबशी पुढे करेल. जरा थांबा. जपानच्या मियागी भागात २६,३११ लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली, आणि ग्रीन टी पिणाऱ्यांत पोटाचा कर्करोग कमी झाल्याचं काही दिसलं नाही, असं २००१ मध्ये जाहीर झालं. रुग्णालयात दाखल माणसांना आठवून सांगायला लावणं आणि निरोगी माणसांच्या मागे वर्षानुवर्षं चालत राहणं यात फरक आहे. मिठाबाबत मात्र पुरावे एकाच दिशेचे आहेत. खारट अन्न अस्तर सोलतं आणि जंतूचं काम सोपं करतं. अमेरिकेत १९३०च्या दशकापर्यंत कर्करोगाच्या मृत्यूंत पोटाचा कर्करोग आघाडीवर होता. मग घरोघरी फ्रीज आले, खारवलेलं मांस कमी झालं, ताज्या भाज्या-फळं वर्षभर मिळू लागली, आणि कुणी मोहीम न काढता तो रोग ओसरत गेला.

मिरचीची बाजू मी फार ताणत नाही. मेक्सिकोतल्या आणि आपल्या तिरुवनंतपुरमच्या अभ्यासांत भरपूर मिरची खाणाऱ्यांत धोका जास्त दिसला. इतरत्र चित्र संमिश्र आहे. ठेचा बंद करा असं म्हणायची माझी हिंमत नाही. त्यातलं मीठ कमी करा, एवढं म्हणतो.

आता खिशातली पन्नी. खर्र्यात सुपारी, तंबाखू, चुना. चुना सोडला तर सगळं वनस्पतीचंच, ‘नैसर्गिक’. सुपारी आणि तंबाखू दोन्ही कर्करोगकारकांच्या पहिल्याच गटात आहेत. सुपारीचा मार मुख्यतः तोंडावर बसतो. विडी-सिगारेटचा धूर पोटाच्या कर्करोगालाही कारण होतो. झाडाने रसायन बनवलं ते किड्यांपासून, बुरशीपासून, चरणाऱ्या जनावरांपासून स्वतःला वाचवायला. आपलं भलं त्याच्या मनात कधी नव्हतं. जपानमध्ये कोवळी खाल्ली जाणारी नेचाची एक जात आहे, ब्रॅकन. तिच्यातलं टॅक्विलोसाइड जनावरांत कर्करोग घडवतं. उलट सह्याद्रीत नरक्या नावाचं झुडूप आहे. १९६६ मध्ये एका चिनी झाडात सापडलेलं कॅम्पटोथेसिन त्यात आहे असं भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखवलं. त्यापासून घडवलेलं इरिनोटेकन आज पोटाच्या कर्करोगाच्या रुग्णालाही शिरेतून देतात. तेही विषच, पण मिलिग्रॅममध्ये मोजलेलं आणि रक्त तपासून दिलेलं. नरक्याचा काढा करून पिणाऱ्याचं काय होईल, हे त्या झुडपाचं नावच सांगतं.

तेव्हा पिशवीतून लसूण, भाजी, मुळा, पेरू घरी जाऊ द्या, सुकट कधीमधी, पन्नी बाहेरच राहू द्या. आणि पोट बोलू लागलं तर ऐका. चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ, दोन घासांत पोट भरणं, घास अडकणं, अंगातून उतरणारं वजन, डांबरासारखी काळी शौच: यांना ‘पित्त’ म्हणून महिनोन्‌महिने ओव्याचं पाणी पीत बसू नका. आदिलाबादला रिम्स रुग्णालय आहे. पुढची गरज पडली तर हैदराबादचं एमएनजे किंवा नागपूरचं तुकडोजी महाराज कर्करोग रुग्णालय आहे. हेलिकोबॅक्टर आहे की नाही हे श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीतही कळतं. असला तर उपचार साधारण चौदा दिवसांचा, दोन-तीन प्रतिजैविकं एकत्र. आपल्याकडे बरेच जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, म्हणून दुकानातून मनाने गोळ्या आणू नयेत आणि उपचारानंतर महिन्याभराने जंतू खरंच गेला का ते पुन्हा तपासावं.

तपासणीला जाण्याआधी दोन आठवडे ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आणि चार आठवडे प्रतिजैविकं बंद असावी लागतात. नाहीतर जंतू पोटात असूनही अहवालात सापडत नाही. त्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. कसला अर्क, चूर्ण किंवा काढा सुरू असेल तर तेही सांगा.